सत्तावन्न हजारांचं गाव आणि रविवारचा खर्च

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात लोणावळ्यावर दरवर्षी दोन गोष्टी हमखास छापून येतात. एक पावसाची कविता आणि दुसरं राजमाचीच्या ट्रेकचं वर्णन. (दोन्हींत मॅगी असतेच.) त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ज्या गावाचं नाव आपण नातेवाइकांना ऐटीत सांगतो, जिथे आपण चार वर्षं काढतो आणि केटीची कृपा झाली तर पाच, ते गाव चालतं कशावर, त्याचा खर्च कोण भरतं आणि तिथे काही झालं तर जबाबदार कोण, यावर मात्र कुणी लिहीत नाही. विषय रुक्ष आहे, मान्य. तरी मित्रांनो, मेसमध्ये पोळ्या यायला उशीर असेल तेव्हा वाचा.

होस्टेलवर हा विषय निघतो तो साधारण एकाच पद्धतीनं. जुलैतला रविवार, बाजारातून परत यायला रिक्षा मिळत नाही, कुमार चौकापासून गाड्यांची रांग लागलेली, रस्त्यात खड्डे, खड्ड्यांत पाणी, कडेला मक्याची कणसं आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या. मग कुणीतरी म्हणतो, "नगरपालिका झोपलीये." दुसरा म्हणतो, "सगळे पैसे खातात, दुसरं काय!" आणि विषय क्रिकेटकडे वळतो.

नगरपालिकेची वकिली करायला मी बसलेलो नाही. पण आपण इंजिनिअरिंगवाले. एखादा बीम वाकला तर आपण आधी विचारतो, डिझाइन लोड किती धरला होता आणि प्रत्यक्षात किती आला. लोणावळ्याच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझं मत असं की, हे गाव कागदावर एका लोडसाठी डिझाइन केलंय, उचलतंय दुसराच लोड. आणि जादा लोडचे पैसे वसूल करायचे जे थोडे कायदेशीर मार्ग आहेत, तेही नीट वापरले जात नाहीत. यातल्या पहिल्या भागाचा दोष वरच्या सरकारांचा आणि दुसऱ्याचा गावाचा. आता एकेक बघू.

लोणावळ्याची नगरपालिका १८७७ सालची. म्हणजे भोर घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर चौदाएक वर्षांनी स्थापन झालेली. आज ती महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या लांबलचक नावाच्या कायद्याखाली चालते. या कायद्यात लोकसंख्येवरून वर्ग पाडलेत: एक लाखाच्या वर 'अ', चाळीस हजार ते एक लाख 'ब', त्याखाली 'क'. २०११ च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या ५७,६९८. म्हणून 'ब' वर्ग. कर्मचारी किती, अनुदान किती, या सगळ्याचं मूळ या आकड्यात आहे. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांना जे अनुदान ठरवलं, त्याची राज्याराज्यांतली वाटणीसुद्धा ९० टक्के लोकसंख्या आणि १० टक्के क्षेत्रफळ अशीच होती. रविवारी गावात किती माणसं उभी होती, हा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

थोडं गणित करू. पाणीपुरवठ्याचा धडा आपल्या सिव्हिलवाल्यांना पाठ असेल: मलनिःसारण असलेल्या गावात माणशी रोज १३५ लिटर धरायचे. ५७,६९८ गुणिले १३५ म्हणजे दिवसाला सुमारे ७८ लाख लिटर. आता हॉटेलसाठी दर खाटेमागे १८० लिटर धरतात. समजा शनिवारी रात्री हॉटेलं, लॉज आणि बंगले मिळून २० हजार खाटा भरलेल्या आहेत (हा आकडा माझा, फक्त उदाहरणाला घेतलेला). तर आणखी ३६ लाख लिटर झाले. म्हणजे गावाच्या रोजच्या पाण्याच्या जवळजवळ निम्मं पाणी वर. सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारे यात धरलेच नाहीत. जेवढं पाणी आत तेवढ्यातलं बहुतेक सांडपाणी बाहेर, आणि ते बाहेर जाणार कुठे? इंद्रायणीत. ही नदी इथे कुरवंड्याजवळ उगम पावते आणि गावातून पुढे देहू-आळंदीला जाते. म्हणजे इथला टाकीचा आणि पाइपचा हिशेब चुकला, तर तो वारकऱ्यांच्या तीर्थात मोजला जातो.

बरं, एवढे लोक येतात म्हणजे गावाला पैसाही तसाच मिळत असेल, असं आपल्याला वाटतं. इथेच खरी गोम आहे.

राज्यातल्या नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. जकात वाईट होती, नाक्यावर ट्रक अडायचे, चिरीमिरी चालायची, सगळं खरं. पण गावात माल जास्त आला की गावाचं उत्पन्न वाढायचं, एवढा एक सरळ धागा तिच्यात होता. त्या जागी राज्य सरकारचं सहायक अनुदान आलं. आता गावात दुप्पट माल खपला म्हणून अनुदान दुप्पट होत नाही. पुढे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. चिक्कीच्या पाकिटावर, हॉटेलच्या बिलावर जो कर लागतो तो केंद्र आणि राज्य वाटून घेतात. हॉटेलच्या खोलीचं उदाहरण घ्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. त्या खोलीतला कचरा उचलतो नगरपरिषदेचा माणूस, पण करातला वाटा तिच्या खात्यावर थेट येत नाही. दारूवरचा कर राज्याचा. एक्सप्रेसवेचा टोल नगरपरिषदेचा नाही. उरतं काय? घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी, बांधकाम परवानगीचं विकासशुल्क आणि मालमत्तेच्या खरेदीविक्रीत मुद्रांक शुल्कावरचा एक टक्का अधिभार.

शेवटच्या दोन नोंदींकडे नीट बघा. गावाला हातात पैसा मिळतो तो नवीन बांधकाम झालं, फ्लॅट-बंगले विकले गेले की. म्हणजे डोंगर जेवढा कापला जाईल तेवढा गल्ला भरेल. नगरपरिषद पर्यावरणाच्या विरोधात आहे का, वगैरे प्रश्न विचारण्याआधी हे उत्पन्नाचं गणित समजून घ्यायला पाहिजे. कुठलंही गाव ज्यातून पैसा येतो त्यालाच हो म्हणणार.

आता जागेचा प्रश्न. पर्यटक लोणावळ्यात येतात म्हणजे नेमके कुठे येतात? भुशी धरणावर. ते रेल्वेचं, वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून बांधलेलं. वळवण आणि लोणावळा ही तळी टाटांच्या वीजप्रकल्पाची. टायगर पॉइंट, लायन्स पॉइंट कुरवंड्याच्या बाजूला, शेजारी वनखात्याची जमीन. आयएनएस शिवाजी नौदलाची. म्हणजे ज्यासाठी लोक येतात ती ठिकाणं एकाची, रस्ता दुसऱ्याचा, पोलिस तिसऱ्याचे; आणि लोकांनी सोडलेला कचरा, गाड्यांची गर्दी आणि बदनामी मात्र नगरपरिषदेची.

३० जून २०२४ ला भुशीच्या मागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, एक बाई आणि चार मुलं. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्यानंतर लगेच जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघाले, पावसाळी ठिकाणी संध्याकाळनंतर थांबायला बंदी आली, अतिक्रमणं हटवली गेली. सगळं योग्यच. पण वर्ष उलटायच्या आत, १५ जून २०२५ ला, याच मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल लोकांसकट कोसळला आणि चौघे गेले. नव्या पुलाला मंजुरी मिळालेली होती, काम सुरू व्हायचं होतं. कुंडमळा लोणावळा नगरपरिषदेत येत नाही, पण प्रश्न तोच: गर्दी एकाची, जमीन दुसऱ्याची, पैसे तिसऱ्याच्या फायलीत. पूल पडल्यावर दोन दिवस चर्चा होती ती पूल नेमका कुणाचा, याचीच.

यावर कायदा काय म्हणतो? पैसे नाहीत ही सबब आहे का? हा प्रश्न फार पूर्वीच सुटलाय आणि तोही आपल्यासारख्याच एका लहान गावाच्या खटल्यात. मध्य प्रदेशातलं रतलाम. तिथल्या एका वॉर्डातले लोक उघडी गटारं आणि दारूच्या कारखान्याची घाण यांनी वैतागले. ते मॅजिस्ट्रेटकडे गेले. मॅजिस्ट्रेटनं नगरपालिकेला आदेश दिला, गटारं बांधा. नगरपालिका म्हणाली, तिजोरीत पैसे नाहीत. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठानं ठणकावून सांगितलं की आर्थिक अडचण हे कर्तव्य टाळायला कारण होऊ शकत नाही. पैसे उभे करा, राज्याकडे मागा, पण काम करा. त्या लोकांनी वापरलं होतं ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३ वं कलम. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम १५२ म्हणून आलंय. सार्वजनिक उपद्रव हटवा, असा आदेश मॅजिस्ट्रेटकडे मागता येतो. वकील लावून मोठा दावा करायलाच पाहिजे असं नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई. माझा मित्र म्हणाला, "बरं झालं, आता सुधारतील." सुधारतीलही. पण 'ब' वर्ग नगरपरिषदेच्या दृष्टीनं बघा: जबाबदारी मोठ्या शहराएवढी, भरपाई मोठ्या शहराएवढी आणि गल्ला मात्र सत्तावन्न हजारांचा. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणत नाही, माणसाचा जीव लहान गावात स्वस्त नसतो. माझं म्हणणं एवढंच की जबाबदारी वाढवणारे बरेच आहेत, पैसे वाढवणारं कोणी नाही.

मग गावानं काय करावं? लोक म्हणतात, माथेरानसारखा नाका लावा आणि माणशी कर घ्या. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी इथे पर्यटकांकडून प्रवेशाच्या वेळी कर घेतात, हे आपण भरलेलं आहे. या तिघांच्या पाटीवर 'गिरिस्थान नगरपरिषद' असं लिहिलेलं असतं. लोणावळ्याच्या पाटीवर नुसतं 'नगरपरिषद'. थंड हवेचं ठिकाण म्हणून पुस्तकात नाव लोणावळ्याचं पहिलं, पण कागदावर ते साधं गाव.

तरीही मला नाक्याची कल्पना पटत नाही. माथेरानला दस्तुरीवर वाट संपते, तिथे गाडी ठेवूनच आत जावं लागतं. लोणावळ्याच्या पोटातून जुना मुंबई-पुणे महामार्ग जातो. तिथे नाका लावायचा म्हणजे पुण्याला जाणारा ट्रक, कामशेतची भाजी आणि आपल्या स्टाफची स्कूटर, सगळ्यांना थांबवायचं. खड्ड्यांवर उपाय म्हणून जी रांग लागेल ती खंडाळ्यापर्यंत जाईल. शिवाय जकात बंद केली ती याच त्रासापायी ना?

दुसरी सूचना म्हणजे खोलीच्या भाड्यावर कर. ऐकायला सोपी वाटते. पण इथे राज्यघटना आडवी येते. पूर्वी ऐषआरामावरचा कर राज्याच्या यादीत होता, हॉटेलांवर तो लागायचाही. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीनं तो अधिकार काढून जीएसटीत घातला. राज्याच्या यादीत उरलं ते फक्त मनोरंजन आणि करमणुकीवरचा कर, तोही पंचायत किंवा नगरपालिका लावेल आणि गोळा करेल तेवढाच. म्हणजे खोलीवर कर लावला तर न्यायालयात टिकणं कठीण, पण तिकीट लावून चालणाऱ्या करमणुकीवर लावला तर घटनेत जागा आहे. ही जागा नगरपरिषदांसाठीच ठेवलेली, आणि वापरली जाते फार कमी.

माझ्या मते खरा पैसा आहे तो घरपट्टीत, आणि हे म्हणणं गावातल्या पुढाऱ्यांना आवडणार नाही. नगरपरिषदेच्या कायद्यात घरपट्टी ठरते ती करयोग्य मूल्यावर. म्हणजे ती मालमत्ता वर्षभर भाड्यानं दिली तर वाजवीपणे किती भाडं येईल, त्यातून १० टक्के वजा करायचे, उरलं ते करयोग्य मूल्य. आता एक बंगला घ्या. मालक मुंबईला, बंगल्याला राखणदार, बाहेर पाटी नाही, पण शनिवार-रविवार भाड्यानं. कुटुंबाला राहायला म्हणून महिना २५ हजार भाडं धरलं तर वर्षाचे ३ लाख, वजा १० टक्के, २ लाख ७० हजार. पण समजा तोच बंगला रात्रीला २० हजारांनी, दोन रात्री, वर्षातले ४० आठवडे जातोय. १६ लाख झाले. वजा १० टक्के, १४ लाख ४० हजार. त्यातला जेवण, साफसफाई, फर्निचर असा हॉटेलसारख्या सेवेचा भाग निम्मा धरून बाजूला काढला, तरी पहिल्या आकड्याच्या अडीचपटीच्या वर जातं. हे आकडे माझे कल्पित आहेत, पण पद्धत कायद्यातली आहे. असे बंगले किती, त्यातले किती राहण्याचे म्हणून नोंदलेत आणि किती व्यावसायिक, ही यादी वॉर्डवार लावून टाकली तर निम्मं काम तिथेच होईल. बंगल्याची जाहिरात तर मोबाइलवर फोटोसकट असतेच. शोधायला गुप्तहेर लागत नाही.

कायद्याप्रमाणे करआकारणीचा चार वर्षांनी फेरविचार करायचा असतो. पण फेरविचार म्हटलं की सगळ्यांचीच घरपट्टी वाढणार अशी भीती घातली जाते, मोर्चा निघतो, स्थगिती येते. वलवणच्या चाळीत राहणारा रेल्वेचा निवृत्त गँगमन आणि तलाव असलेल्या बंगल्याचा मालक एकाच मोर्चात चालतात, आणि फायदा होतो दुसऱ्याचा. शिवाय थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणून ज्यानं वेळेवर भरलं तो शहाणा असं वाटावं. तर २०२५ मध्ये सरकारनं नगरपरिषदांसाठी शास्ती माफीच्या अभय योजनेचा निर्णय घेतला. गरिबाची शास्ती माफ व्हावी, जरूर व्हावी. पण सरसकट माफी म्हणजे वेळेवर सबमिशन देणाऱ्याला जेवढे मार्क तेवढेच शेवटच्या रात्री जर्नल कॉपी करणाऱ्याला. आपल्याला हे उदाहरण जास्त समजवायला नको.

आणखी एक पैसा आहे, त्याची कुणी आठवणही काढत नाही. राज्यघटनेच्या २८५ व्या कलमाप्रमाणे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर नगरपालिकेला कर लावता येत नाही. लोणावळ्यासारख्या रेल्वेच्या गावात याचा अर्थ मोठा होतो. पण राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर २००९ मध्ये ठरलं की कर नाही तरी सेवाशुल्क द्यायचं: सगळ्या सेवा घेतल्या तर घरपट्टीच्या ७५ टक्के, काही घेतल्या तर ५० टक्के आणि काहीच नाही घेतल्या तरी ३३ पूर्णांक एक तृतीयांश टक्के. गावानं दरवर्षी हे बिल नियमानं पाठवावं आणि आलेली रक्कम अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवावी. भीक नाही ती, हक्काची बाकी आहे.

आता हे सगळं करायचं कुणी? नगरसेवकांनी. आणि इथे गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी कायदेशीर भानगड येते. लोणावळ्याचं सभागृह डिसेंबर २०१६ मध्ये निवडून आलं होतं. घटनेच्या २४३ यू कलमात नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे, असं स्वच्छ लिहिलंय. पण मार्च २०२१ मध्ये विकास गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ओबीसी आरक्षणासाठी तीन कसोट्या सक्तीच्या केल्या. मग आयोग, २०२२ मध्ये बांठिया आयोगाचा अहवाल, त्यावर पुन्हा वाद, जैसे थे आदेश, वॉर्डरचनेचे वाद. तारखांवर तारखा. शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, ती मुदत वाढून ३१ जानेवारी २०२६ पर्यंत गेली आणि नगरपरिषदांचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं. काही ठिकाणचं २० तारखेला झालं, आणि मतमोजणी सगळ्यांची एकदम २१ डिसेंबरला. मधल्या साधारण चार वर्षांत गावाचा कारभार प्रशासकाच्या सहीवर चालला. आपल्या एका बॅचनं अख्खी डिग्री घेतली, पण या काळात लोणावळ्यात एकही नगरसेवक नव्हता!

(मध्येच नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, हाही नियम सरकारागणिक बदलत राहिला: २०१६ ला थेट, २०२० ला नगरसेवकांतून, २०२२ ला परत थेट. आपला सिलॅबससुद्धा एवढ्या वेळा बदलत नाही.)

प्रशासक वाईट असतो असं नाही. माणूस शिकलेला असतो, फाइल झटपट हलते, बरेच लोक तर म्हणतात, हेच बरं होतं. मला ते पटत नाही. घरपट्टीचं अवघड काम प्रशासक करत नाही, कारण त्याची बदली ठरलेली असते आणि त्याला तो वाद नको असतो. तो वरून आलेल्या योजना राबवतो. टायगर पॉइंटला काचेच्या स्कायवॉकसाठी ३३३ कोटींहून जास्त खर्चाचा आराखडा मंजुरीपर्यंत पोचतो. होवो बापडा, आपणही बघायला जाऊ. पण काचेवर उभं राहायला येणारा माणूस गाडी कुठे लावणार, त्याचं सांडपाणी कुठे जाणार, हे विचारायला सभागृहात कुणीतरी उभं असावं लागतं. आता नवीन सभागृह आलंय. पहिल्या वर्षात घरपट्टीला हात घातला तरच होईल. शेवटच्या वर्षात कोणी घालत नाही.

गावाला जमतच नाही, असं म्हणायलाही जागा नाही. स्वच्छ सर्वेक्षण २०२१ मध्ये एक लाखाच्या आतल्या शहरांत विटा पहिलं आलं, लोणावळा दुसरं आणि सासवड तिसरं. अख्ख्या देशात! पर्यटक रोज घाण करून जात असताना हे करणं म्हणजे ओपन बुक परीक्षा नव्हे. पहाटे वरसोलीच्या डेपोकडे निघालेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्यात (म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री जागणारे आपण) त्यांना त्यामागची मेहनत ठाऊक आहे.

राहिले आपण. आपलं कॉलेज लोणावळ्याचं म्हणवतं, पण कॅम्पस नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर आहे. होस्टेल ग्रामपंचायतीत, बांधकामाचे नियम पीएमआरडीएचे, आणि आपला रविवार मात्र नगरपरिषदेत. बाजार, एटीएम, दवाखाना, स्टेशन, सगळं तिकडचं वापरायचं आणि आपली मुंडकी मोजली जातात इकडे. खरं तर मोजलीही जात नाहीत. २०११ नंतर जनगणनाच झाली नाही. पुढची गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. जनगणनेत होस्टेलची नोंद संस्थात्मक कुटुंब म्हणून होते, म्हणजे तिथे राहणाऱ्यांना तिथेच मोजतात. नेमका तो सुमार प्रॅक्टिकल-ओरलचा आणि प्रीप लीव्हचा. अर्धी पोरं घरी पळालेली असतात. रेक्टर सरांनी आणि स्टाफनं याकडे आत्तापासून लक्ष द्यावं ही विनंती, कारण एकेका होस्टेलमधली शे-दोनशे नावं गळाली तर पुढची दहा वर्षं त्या पंचायतीला तेवढं कमी पाणी आणि तेवढे कमी पैसे. मतदार म्हणूनही विद्यार्थ्याला घरचा पत्ता किंवा होस्टेलचा पत्ता, यातला एक निवडता येतो. एक वर्षाहून कमी नसलेला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि कॉलेजचं प्रमाणपत्र एवढं पुरतं.

शेवटी एक सूचना, सिव्हिल आणि कॉम्प्युटरच्या फायनल इयरसाठी. प्रोजेक्टला दरवर्षी तेच तेच विषय फिरतात. त्याऐवजी जून ते सप्टेंबरचे रविवार धरून गावात येणाऱ्या गाड्या मोजा, खाटा मोजा, भाड्यानं दिले जाणारे बंगले नकाशावर टाका. नगरपरिषदेकडून घरपट्टीची मागणी, वसुली आणि केंद्राच्या मालमत्तांवरचं सेवाशुल्क यांचे गेल्या पाच वर्षांचे आकडे माहितीच्या अधिकारात मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय लागतो आणि तो दीडशे शब्दांत बसवायचा, म्हणून घरपट्टीचा अर्ज वेगळा आणि सेवाशुल्काचा वेगळा करा. फी दर अर्जाला १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो.